रंग ताजा असणारच, काका!

भाचीने शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं लालभडक देऊळ केलं. केलं झकास, पण खाली पाटी: ‘मयासुराने बांधलेले मंदिर, होंडुरास’. उगम अर्थात फॅमिली ग्रुपवरचा नानाकाकांचा फॉरवर्ड. होंडुरासच्या जंगलात ५००० वर्षांपूर्वीचं हिंदू मंदिर सापडलं, रंगही ताजा, वर गरुड. बांधलं मयासुराने, म्हणून ‘माया’ संस्कृती. आणि पाश्चात्त्यांनी मूळ मंदिर लपवलं.

रंग ताजा असणारच. फोटोतली वास्तू म्हणजे होंडुरासमधल्या कोपान या प्राचीन माया शहराच्या शिल्पसंग्रहालयातली, ‘रोसालिला’ या माया मंदिराची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. संग्रहालय उघडलं १९९६ साली. फोटो मोठा करून बघा, मागे गॅलरीचे कठडे दिसतील. मयासुराने रेलिंगही बसवलं म्हणायचं का?

आता ‘लपवलं’. हे वाचून डोकंच फिरलं. लपवलं खरंच, पण माया लोकांनी स्वतः! जुनी इमारत पाडून तिच्यावर नवी चढवायची ही त्यांची रीत. रोसालिला मात्र त्यांनी पाडली नाही. खोल्या जपून भरल्या, वरून पांढऱ्या गिलाव्याचा जाड थर दिला आणि मग त्यावर पुढची इमारत उभारली. १९८९ मध्ये बोगदे खणताना ती सापडली ती पुरातत्त्वज्ञ रिकार्दो आगुर्सिया यांना, आणि ते होंडुरासचेच. मूळ वास्तू बाहेर काढायची तर वरची इमारत पाडावी लागेल, म्हणून तर प्रतिकृती केली. बोगद्यात तिकीट काढून जाता येतं, काचेतून मूळ भिंतीचा तुकडा दिसतो. लपवणारे तिकीट लावत नाहीत.

गरुड? तो केत्झाल आणि मकाव या पक्ष्यांचा मेळ आहे. माया भाषेत कुक म्हणजे केत्झाल, मो म्हणजे मकाव. ४२६ साली गादीवर आलेल्या किनिच याश कुक मो या कोपानच्या राजघराण्याच्या मूळ राजाचं नावच दर्शनी भागावर चुन्यात घडवलंय. संग्रहालयाच्या उभारणीत असलेल्या बार्बरा फॅश यांनी त्या संग्रहालयावर अख्खं पुस्तक लिहिलंय. काकांनी निदान चित्रं तरी बघावीत.

५००० वर्षं? वास्तू सहाव्या शतकातली. मयासुर? सभापर्वातल्या ‘मया’ने सभा बांधली ती इंद्रप्रस्थाला.

एक मान्य करतो, नाइलाजाने: दगड थराथराने पुढे सरकवत छत मिटवायची पद्धत आपल्या देवळांत आहे, तशी माया वास्तूंतही आहे. पण दगड तसेच रचले की छत मिटतंच, त्याला नातं लागत नाही.

पाटी बदलली. आता भाची विचारतेय, “मग वरून पांढरा रंग मारू का?”