एक तारा दिलेल्या अभिप्रायाला वर्गाच्या संचालिकेचं उत्तर

नमस्कार,

‘बाह्य खर्च आणि बाह्य लाभ’ (म्हणजे एकाच्या कामाचा तिऱ्हाइतावर पडणारा भुर्दंड, किंवा त्याला फुकट मिळणारा फायदा) या आमच्या ऑनलाइन वर्गाबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. आपला हिरमोड झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. आपल्या तक्रारी तीन: बाह्य लाभ शेवटी घाईत उरकले, डॉक्टर आणि मिठाईवाल्याच्या जुन्या खटल्यात उगाच वेळ घालवला, आणि आपण पूर्ण फी भरूनही आपल्याला ‘म्यूट करून गप्प बसवलं’.

पहिली रास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीडच्या 1952 च्या लेखातली सफरचंदाची बाग, तिच्या फुलांतला मध फुकट नेणाऱ्या शेजाऱ्याच्या मधमाश्या, आणि असे बागवाले व मधमाश्या पाळणारे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात चक्क पैशांचे करार करतात हे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन च्युंगने 1973 मध्ये दाखवलं, इतकं होईतो वेळ संपत आली. लसीकरण आणि संशोधन यांची नुसती नावं घेतली गेली.

पण ‘गप्प बसवलं’ हे मनाला लागलं. आपला माइक चालू होता आणि मागे भिंतीत ड्रिल चाललं होतं. मी आधी चॅटमध्ये लिहिलं, मग आपलं नाव घेऊन विनंती केली. उत्तर आलं नाही, तेव्हा माइक बंद केला. प्रश्नांची चौकट शेवटपर्यंत उघडी होती. आपण तिथे लिहिलंतही, ‘प्रदूषण करणाऱ्याने पैसे भरावेत, यात शिकवण्यासारखं काय आहे?’ त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी तो खटला होता.

कारखान्याच्या धुराचा भुर्दंड शेजाऱ्यांवर पडतो, म्हणून तेवढा कर कारखान्यावर लावा, हा विचार अर्थशास्त्रज्ञ पिगूच्या 1920 च्या ग्रंथापासून रुळला. रोनाल्ड कोस या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने 1960 मध्ये त्यालाच हरकत घेतली. त्याने घेतलेलं एक उदाहरण म्हणजे 1879 साली लंडनच्या न्यायालयात निकाल लागलेला हा खटला. मिठाईवाल्याचे खलबत्ते त्याच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून जास्त काळ चालत होते. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्या स्वयंपाकघराला लागून तपासणीची खोली बांधली. आवाजामुळे रुग्णांची छाती नीट तपासता येईना, म्हणून तो न्यायालयात गेला आणि जिंकला. मिठाईवाला आधीपासून तिथे होता, तरीही. कोसचं म्हणणं, आवाज बंद केला तर मिठाईवाल्याचं नुकसान, चालू ठेवला तर डॉक्टरचं. बोलणी करणं फुकटात होत असेल, तर हक्क कोणालाही द्या, दोघं सौदा करून जास्त मोलाचं काम चालू ठेवतील. बोलणीच महागात पडत असेल, तर हक्क कोणाला दिला यानेच सगळं ठरतं.

आता आपला वर्ग. आपल्या ड्रिलबद्दल प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याशी वेगळा सौदा करायचा का? ते शक्य नव्हतं, म्हणूनच नियम आधी ठरवून प्रवेशाच्या मेलमध्ये लिहिला होता: बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद. आपण पूर्ण फी भरलीत, हे खरंच आहे. ती इतरांनीही भरली होती, आणि ड्रिल ऐकण्याची भरपाई त्यांना कोणी देणार नव्हतं. (पुढच्या तुकडीत उदाहरण म्हणून सांगायचा मोह होतो आहे. सांगणार नाही.)

हा वर्ग म्हणजे एकटी मी आणि नोंदणी सांभाळणारे माझे यजमान. जाहिरातीला पैसे नाहीत. नवीन विद्यार्थी अभिप्राय वाचूनच येतात, आणि एका ताऱ्याचा भार आमच्यावर किती पडतो हे तो देणाऱ्याला कळायचं कारण नाही.

पुढच्या तुकडीत बाह्य लाभांना अधिक वेळ देण्याचा प्रयत्न करू, जमल्यास वेगळं सत्रही ठेवू. माइकच्या सूचनेचंही बघू. खटला मात्र राहील, तो काढला तर उरतो फक्त ‘कर लावा’, आणि तेवढ्यासाठी कोणाला फी भरायला सांगणं मला पटत नाही.

रेकॉर्डिंग हवं असल्यास मेल करा, पाठवते. अभिप्राय बदलावा असा आग्रह नाही. फक्त ‘म्यूट केलं’ लिहिलं आहेच, तर शेजारी ड्रिलचाही उल्लेख करावा, ही विनंती.

आपली,
वर्गाची संचालिका