व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा की नाही?

“टाकणारच मी. माल माझा गेला, आणि अब्रू त्याची झाकायची?” अण्णा ऐकायलाच तयार नव्हता. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर दिवाळीनंतर हाच विषय पेटला होता. अण्णाचं मोबाईलचं दुकान. धनत्रयोदशीच्या गर्दीत काउंटरवरचा एक हँडसेट गेला, आणि कॅमेऱ्यात दिसला तो पलीकडच्या गल्लीतला, दहावीतला पंधरा वर्षांचा पोरगा. दोन दिवसांत हँडसेट परत मिळाला, पण अण्णाचा राग उतरला नव्हता.

रिक्षावाल्या मामांचं एकच. “दोन कानाखाली द्यायच्या आणि एक रात्र लॉकअपला बसवायचा. जन्मात हात लावणार नाही.”

“लॉकअपला घालताच येत नाही मामा,” वकील म्हणाला. आमच्यातलाच आहे, कोर्टात प्रॅक्टिस करतो. “अठराच्या आतल्याला २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. कोठडी नाही, बेडी नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभा करायचा. साध्या चोरीत एफआयआरसुद्धा होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो.”

“मग चोरी करा की बिनधास्त!”

“असं कसं गा अण्णा? मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात, त्या दोघांत एक तरी बाई. ते समज देऊन सोडतील, समाजसेवा करायला लावतील, दंड आईबापाकडून भरून घेतील, नाहीतर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात, पाठवतील. सोडून दिलं असं काही नसतंय.”

सोळा ते अठराच्या पोरांवर मोठ्यांसारखा खटला चालतो ना, असं कुणीतरी विचारलं. वकिलाने सांगितलं, तो फक्त अतिगंभीर गुन्ह्यात, जिथं किमान शिक्षाच सात वर्षांची आहे. तेही मंडळाने आधी पोराची समज तपासून ठरवायचं. भारतीय न्याय संहितेत चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, घरात शिरून केली तर सात. म्हणजे हँडसेट उचलणारा पोरगा त्या रांगेत बसतच नाही.

सर इतका वेळ गप्प होते. तीस-पस्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. म्हणाले, “एप्रिलमध्ये निकाल लागला की मे संपेपर्यंत पोरं मोकळी, दसऱ्याला पुन्हा मोकळी. आई मागावर, बाप गवंड्याच्या हाताखाली. त्याच दिवसांत गावोगावच्या जत्रा, बाजार फुललेला, आणि खिशात दहा रुपये नाहीत. घरी कोण असतंय त्याला विचारायला?”

“गरिबी आम्हीही काढली सर. चोऱ्या नाही केल्या,” मामा म्हणाले. मामांचं हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांनी खरंच काढली आहे.

चर्चा फिरली ती वकिलाच्या एका प्रश्नाने. “अण्णा, तो हँडसेट विकत कोण घेणार होता?”

अण्णा थोडा थांबला. मग त्यानेच सांगितलं, की सुट्टीत बिल नसलेले, बॉक्स नसलेले हँडसेट जास्त येतात विकायला. पोरगं येतं, ‘मामाचा आहे’ म्हणतं, पॅटर्न विचारला की गडबडतं. अण्णा घेत नाही. पण घेणारे आहेत, हजाराचा माल दोनशेला. या पोरालाही एका पंचवीस-तिशीतल्या माणसाने आठशे रुपये कबूल केले होते. “उचलून आण, मी बघतो.”

“त्याला धरा की मग,” वकील म्हणाला. “पोराला गुन्ह्याच्या कामाला लावणाऱ्याला संहितेच्या ९५व्या कलमात तीन ते दहा वर्षं आहेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला वेगळी तीन वर्षांपर्यंत. आणि तुझा व्हिडिओ? पोराची ओळख फोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.”

मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट लागते. मंडळाने दोषी ठरवलं तरी हा डाग त्याला पुढे नोकरीत आडवा येऊ नये असं कायदा म्हणतो, ठरावीक काळाने नोंदही नष्ट होते. पण आमच्या ग्रुपवर गेलेला व्हिडिओ कोण नष्ट करणार? निपाणी-खानापूरपर्यंतच्या पाहुण्यांच्या मोबाईलवर तो पोरगा चाळिशीतही चोरच राहणार. कायद्याने दिलेली संधी अण्णाने एका बोटाने काढून घेऊ नये, एवढंच मला वाटतं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

आणखी एक अडचण आपल्या भागातली. ठाण्यातले कागद कन्नडमध्ये. पोराच्या बापाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सही करा म्हटलं की करतो. वकिलाने बजावलं, कागद वाचून घेतल्याशिवाय सही नको, आणि पोराकडून तर कुठल्याच जबाबावर सही घेता येत नाही. वय सिद्ध करायला शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला सोबत ठेवायचा.

सर कन्नड वाचतात. मंडळाच्या तारखेला बापाबरोबर जायला ते तयार झाले. अण्णाने फुटेज पेन ड्राइव्हवर घालून पोलिसांकडे द्यायचं आणि त्या आठशेवाल्याचं वर्णनही सांगायचं ठरलं. ग्रुपचं काय, ते त्याने स्पष्ट सांगितलं नाही. “आजची रात्र थांबतो,” एवढंच म्हणाला. मामा मात्र निघेपर्यंत विचारत होते, “आणि पुन्हा केली तर?”

“तर पुन्हा मंडळापुढे जाईल, आणि तेव्हा ते इतकं सोपं नसेल,” वकील म्हणाला.