दक्षिण आशिया एक करायचाय? मग आधी हे वाचा

शेजारी देशांच्या एकीवर बोलायची पाळी आज ना उद्या तुमच्यावर येणारच. वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, ज्येष्ठांचा कट्टा असतो, अगदीच काही नाही तर जावळाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर एखादे निवृत्त प्राध्यापक बसलेले असतात. तयारी हवी. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, या विषयातले पट्टीचे. गेल्या रविवारी त्यांनी 'एक बाजार, एक चलन, एक कुटुंब' यावर दीड तास भाषण केलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, कारण ताई दुसऱ्या रांगेत होती आणि अधूनमधून मागे वळून बघत होती. बुधवारी मला विजापूरला मावशीकडे बारशाला जायचं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आधी सूचना.

सुरुवात युरोपानं करा. 'तिकडे बघा, गाडी एका देशातून दुसऱ्या देशात कधी गेली ते कळतसुद्धा नाही' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत पडलं पाहिजे. जून 1985 मध्ये शेंगेन गावाजवळ तो करार झाला, हे सांगा. त्याच वर्षी 8 डिसेंबरला ढाक्यात आपली सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, जन्मली, हे मात्र सांगू नका. दोघी एकाच वर्षाच्या. एकीचा संसार उभा राहिला. दुसरीची शेवटची शिखर परिषद 2014 साली काठमांडूत झाली, 2016 ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली आणि तेव्हापासून मुहूर्तच निघालेला नाही. युरोपवाल्यांनी 1951 साली कोळसा आणि पोलादाच्या करारानं सुरुवात केली होती, तेही गाळा. कोळशाला टाळ्या पडत नाहीत. आणि 2020 साली ब्रिटन घर सोडून गेलं ते तर अजिबात नको.

सोलापुरात बोलताय ना? मग डॉ. कोटणीस आलेच पाहिजेत. 1938 साली आपल्या गावचा हा डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनला गेला, तिथल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारला. भाऊजींनी हे सांगताना आवंढा गिळला. गिळावाच. फक्त एक बारकी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली: कोटणीस गेले होते. भैया चौकात उभं राहून त्यांनी भारत-चीन मैत्रीवर भाषण दिलं नव्हतं.

पाकिस्तानचा विषय निघाला तर चहा आला का बघा.

'रोटी-बेटी व्यवहार' हा शब्द नेपाळसाठी राखून ठेवा. 1950 चा करार, उघडी सीमा, ना पासपोर्ट ना व्हिसा, सगळं कसं गोड. 2015 च्या शेवटाला नेपाळच्या नाक्यांवर ट्रक महिनोन्महिने अडकले, तिकडे गॅसला आणि पेट्रोलला रांगा लागल्या, आणि आपण म्हटलं की आम्ही कुठं काय अडवलंय. असं रोटी-बेटीत होतंच. व्याह्याला विचारा.

एक चलन हा मुद्दा आला की आवाज जरा चढवा. भूतानचा न्गुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीनं चालतो आणि नेपाळी रुपया 1993 पासून 1.60 ला बांधलेला आहे. म्हणजे निम्मं काम झालंच, असं म्हणून पाणी प्या. ढाका आणि कोलंबो आपल्या पैशाच्या चाव्या मुंबईच्या रिझर्व्ह बँकेच्या हातात का देतील, असं कुणी विचारलं तर ही नकारात्मक मानसिकता आहे.

आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के आहे हा आकडा खोकल्यात दाबा.

व्यापाराचं उदाहरण द्यायचं तर टॉवेलचं द्या, गावात खपतं. माझा एक मित्र आहे, अक्कलकोट रोडला त्याचे माग आहेत. तोही भाषणाला होता. 'ढाक्याला माल गेला पाहिजे यार, दहा-बारा कोटींचं नाही, सतरा कोटी लोकांचं गिऱ्हाईक आहे,' असं म्हणाला. मी म्हटलं, आणि ढाक्याचे शर्ट इकडे आले तर? त्याच्या मेव्हण्याचा युनिफॉर्मचा कारखाना आहे. चेहरा पडला. 'ते नाही बे. ते कसं चालेल?' बघा, एका वाक्यात अख्खं दक्षिण आशियाई अर्थकारण. साफ्टा, म्हणजे सार्क देशांचा मुक्त व्यापाराचा करार, 2006 पासून लागू आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येकानं असाच लावलाय: आमचं तुमच्याकडे जाऊ दे, तुमचं तुमच्याकडे राहू दे. एप्रिल 2025 मध्ये आपण बांगलादेशचा माल आपल्या बंदरांतून परदेशी पाठवायची सवलत काढली, त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं आपलं सूत बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरून घ्यायचे थांबवले. यायचं तर कोलकाता नाही तर न्हावा शेवा, समुद्रातून या. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणायला गावाला वळसा.

कांदा हा शब्द व्यासपीठावरून चुकूनही काढू नका. हॉलमध्ये एखादा तरी मंद्रूपचा नाही तर मोहोळचा निघतोच. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी आली आणि पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या, स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, कांदा बंद. पुढच्या वेळी जरा आधी कळवत चला. सगळे हसले. सप्टेंबर 2020 मध्ये परत बंदी. कळवलं का? छे. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क, आणि मग पुन्हा बंदी, 8 डिसेंबर 2023 पासून. तारीख नीट बघा. सार्कचा वाढदिवस! आपण शेजाऱ्यांना काय दिलं, तर तोंडावर दार. त्या महिन्यात माझ्या चुलतभावाचा लाल कांदा काढून झाला होता. लाल कांदा ठेवता येत नाही, तो चाळीत टिकत नाही, हे ज्याला कळत नाही त्यानं निर्यातीवर सही करू नये. रात्रभर आम्ही मार्केटच्या बाहेर रांगेत, ट्रॉलीवर पोतं पांघरून. सकाळी सौदा झाला तेव्हा त्यानं पट्टी बघितली, घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, 'चल, चहा पिऊ.' एवढंच. पुढे मार्च 2024 मध्ये मोठ्या मनानं बांगलादेशाला 50,000 टन द्यायचं ठरलं, तेही सरकारी सहकारी संस्थेमार्फत, शेजारधर्म म्हणून. एक साधी गोष्ट कुठल्याही आडत्याला विचारा: तीनदा दार लावलेल्या दुकानात गिऱ्हाईक चौथ्यांदा येतं ते भाव पाडायलाच येतं. बांगलादेशानं मधल्या काळात चीन, इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, सगळीकडून कांदा आणून बघितला. पाकिस्तानातूनसुद्धा.

असो. सूचना कितवी झाली? जाऊ दे.

व्हिसाबद्दल बोलायचं तर सार्कची व्हिसा-सवलत योजना 1992 पासून होती हे अभिमानानं सांगा. मंत्री, खासदार, वरच्या कोर्टाचे न्यायाधीश, बडे उद्योगपती, पत्रकार, खेळाडू, अशी 24 प्रकारची माणसं त्यात बसत. त्या 24 त 'मावशीचा भाचा' नव्हता.

आता वाहतूक. इथं शब्द वापरायचा 'कनेक्टिव्हिटी'. जून 2015 मध्ये थिंफूत बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा करार झाला की एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या देशात चालतील. भूतानच्या संसदेत तो अडला, आमच्या डोंगरातल्या रस्त्यांना इतके ट्रक झेपायचे नाहीत म्हणून. भाऊजींनी यावर पंधरा मिनिटं घेतली. ढाक्याहून निघालेला ट्रक काठमांडूत कसा पोचेल हे त्यांनी हवेत बोटानं काढून दाखवलं.

बुधवारी मी विजापूरच्या बसमध्ये बसलो. विजापूर म्हणा, विजयपूर म्हणा. पाटीवर एक, तोंडात एक. शंभर किलोमीटर. पिशवीत बाळंतिणीसाठी एक चादर, बाळासाठी एक लहान टॉवेल आणि मावशीसाठी किलोभर शेंगाचटणी. मंद्रूप गेलं, तेरामैल गेलं, टाकळीला बस थांबली. कंडक्टर खाली उतरला, दोन फोन केले, वर आला आणि म्हणाला, 'उतरा. पुढं जात नाही.' कुठल्या तरी गावात कुणी तरी कुणाला तरी अमुक भाषेत बोल म्हणालं होतं, मग कुणाला तरी काळं फासलं होतं, मग त्याचा निषेध म्हणून इकडच्यांनी तिकडची बस अडवली, म्हणून तिकडच्यांनी इकडची. कोण, कुठं, का, कंडक्टरला माहीत नव्हतं. त्याला फक्त गाडीची काच फुटायला नको होती. तिकिटाचे उरलेले पैसे? 'डेपोत विचारा.'

तर पंचेचाळीस माणसं भीमेच्या पुलावरून चालत निघाली. एप्रिल, दुपारचा दीड. पलीकडे धूळखेड, कर्नाटक. माझ्यापुढे एक आजी होत्या, डोक्यावर कडक भाकरीचं गाठोडं, हाताशी नातू. अलीकडच्या पोलिसाशी त्या कानडीत बोलल्या, तो मराठीत बोलला, दोघांना सगळं समजलं. पलीकडे पोचल्यावर तिकडच्या पोलिसाशी त्या मराठीत बोलल्या. बहुतेक सवयीनं, मधे नदी आली की भाषा बदलायची एवढं त्यांच्या लक्षात होतं, कुठली कुठं ते नव्हतं. 'बस इल्ला री,' तो म्हणाला. जीपवाल्यानं माणशी दोनशे सांगितले. आजींनी कनवटीचा रुमाल सोडला, मोजला, परत बांधला आणि नातवाला म्हणाल्या, 'थोडं चालू.' थोडं! जीपवाल्याला आम्ही दोघा-तिघांनी दमात घेतलं तेव्हा त्यानं त्यांना मागं फळीवर बसवलं, आणि नातवाचे तरी शंभर घेतलेच.

जीपमध्ये बसल्यावर फोन वाजला. भाऊजींचा मेसेज: 'सीमा या नकाशावरच्या रेषा असतात. मनं जोडा, देश जुळतील. सुप्रभात.' दुपारचे दोन वाजले होते. चटणीचं तेल कागदातून झिरपून पँटला लागलेलं होतं. मी पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. नाव ठेवलं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या.

आता सूचनाबिचना बाजूला ठेवतो.

भाऊजी, मी तुमचा मान ठेवतो, ताईमुळे जास्त. पण तुम्ही रविवारी ज्या दीडशे लोकांसमोर ढाका ते काठमांडू ट्रक चालवलात, त्यातल्या निम्म्यांच्या घरात कानडी नाही तर तेलुगू बोलतात. हे गाव दोन्ही-तिन्ही भाषांत भांडतं आणि चौथ्या भाषेत शिव्या देतं. 2022 च्या नोव्हेंबरात तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूर आमचं म्हटलं, इकडून बेळगाव आमचं म्हणून आरोळ्या झाल्या, बस बंद पडल्या. तेव्हा कुठं होता तुम्ही? बेळगावचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो लागेल तेव्हा लागेल, ज्याला लढायचं त्यानं कोर्टात लढावं. पण मधल्या वीस वर्षांत त्या आजींनी पुलावरून चालायचं होय? एकाच देशातली दोन राज्यं, एकच रुपया, एकच पासपोर्ट, जीएसटीसुद्धा एकच, आणि बस नदी ओलांडू शकत नाही! आणि तुम्ही लोकांना श्रीलंकेपर्यंत पूल बांधून देताय.

आणि ते दुसरे, अखंड नकाशा छापून भिंतीवर लावणारे, त्यांनीही हसू नये. काबूलपासून रंगूनपर्यंत सगळं आपलं म्हणायचं, आणि शेजारच्या खोलीत बंगाली बोलणारा मजूर दिसला की आधी त्याचे कागद तपासायचे. देश हवा, माणसं नकोत. याला एकी म्हणत नाहीत, सातबारा म्हणतात.

तुम्हा दोघांनाही कधी नाक्यावर उभं राहायला लागलेलं नाही, सगळा घोळ तिथं आहे. ज्याचा ट्रक पेट्रापोलला, बांगलादेशच्या सीमेवरच्या नाक्यावर, चार-चार दिवस उभा असतो तो 'एक कुटुंब' म्हणत नाही. तो विचारतो, नियम या हंगामाला काय आहे आणि पुढच्या हंगामाला तोच राहील का. माझा चुलतभाऊ दुसरं काही मागत नाही. त्याला सार्क हा शब्द माहीत नाही, 8 डिसेंबर माहीत आहे. त्याला उत्तर द्या ना! सीमेवर गोदाम नाही, तपासणी दोनदा, कागद तीनदा, आणि दिल्लीत भाव वाढला की रातोरात दार बंद, हे एक तरी सांगितलंत का दीड तासात? कोळसा तरी काढायचा होता. युरोपानं निदान तिथून सुरुवात केली, मनं जोडण्यापासून नाही.

पुढच्या महिन्यात तुमचं दुसरं पुष्प आहे म्हणे. मी येणार नाही, ताईला सांगा रागावू नको म्हणून. तुम्हालाच यायचं असेल तर टाकळीला या. दीडच्या सुमाराला. पाण्याची बाटली आणा, त्या पुलावर सावली नाही.