नेगेवमधली शेती हे निव्वळ निमित्त होतं का?

आजच्या इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात १९४६ साली वसलेल्या अकरा ज्यू वस्त्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, त्या वस्त्या नकाशावर हक्क सांगण्यासाठी होत्या, शेती हे निमित्त. दुसरा, ‘ओसाड वाळवंट फुलवलं’ या कहाणीत तिथले मूळचे बेदुइन अरब लोक पुसले जातात.

दुसरा आक्षेप अगदी रास्त आहे. उत्तर नेगेवमध्ये बेदुइन टोळ्या पूर्वापार गहू आणि जव पेरत. तिथला जव गाझाहून जहाजाने ब्रिटनला जायचा, बिअरसाठी. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात त्यांतले बहुतेक देशोधडीला लागले. उरलेल्यांना बीरशेबा शहराच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात कोंबलं आणि १९६६पर्यंत लष्करी अमलाखाली ठेवलं. हे वगळून नेगेवचा इतिहास सांगूच नये.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. हेतू राजकीय होता, यात वादच नाही. पॅलेस्टाइनची फाळणी झालीच तर नेगेव हातचा जाऊ नये, म्हणून तर योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटल्यावर ५ ऑक्टोबरच्या रात्री अकराही ठिकाणी माणसं एकदम जाऊन बसली. पण नुसता झेंडाच रोवायचा तर पाऊस मोजत कोण बसतं? ग्वुलोत, बेत एशेल आणि रेविविम या तीन ठाण्यांवर १९४३पासून पाऊस, माती, पाणी यांचीच परीक्षा चालली होती.

अकरांतलं हात्झेरिम घ्या. जमीन खारवट, पीक धड येईना. पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढायचे, मग पुन्हा पेरायचं. गाशा गुंडाळावा का, यावर तिथे खल झाला आणि माणसं राहिली. नेगेवला पाणी नेणारी पहिली जलवाहिनी आखणाऱ्या सिम्खा ब्लास यांच्यासोबत याच किबुत्झने, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीने, १९६५ साली ‘नेताफिम’ ही ठिबक सिंचनाची कंपनी काढली. आपल्याकडच्या द्राक्षबागांमधल्या ठिबकचा धागा थेट तिथवर जातो.

शिवाय १९४९नंतर नेगेव इस्रायलचाच, हे ठरून गेलं होतं. झेंड्याची गरज संपली होती. तरीही त्याच अकरांतलं नेवातिम १९५०च्या दशकात पुन्हा वसवलं ते कोचीहून आलेल्या ज्यूंनी. बीरशेबा आणि दिमोना या नेगेवमधल्या शहरांत आपले कोकणातले बेने इस्रायल ज्यू गेले. ‘पायोनियर’ म्हटलं की यांची नावं कुणाच्या तोंडी येत नाहीत, याची मला मनापासून चीड येते. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहितो आहे. अलिबाग-पेणकडून तिकडे गेलेलं एखादं कुटुंब तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांच्याशी बोलायला मला फार आवडेल.