अगाथा ख्रिस्तीला टाइमपास म्हणणाऱ्यांसाठी

काल एका ग्रुपवर वाचलं, रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्लिश लेखिका अगाथा ख्रिस्ती म्हणजे ट्रेनमध्ये वाचायचा टाइमपास, खुनी कळला की पुस्तक रद्दीत. मला हे अजिबात पटत नाही. मी स्वतः फार्मसीवाली, बरीच वर्षं काउंटरवर काढलीत, म्हणून तर जास्तच लागलं.

पहिल्या महायुद्धात बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलात आधी नर्सिंग केलं, मग तिथेच औषधं बनवायच्या खोलीत काम, १९१७ ला त्याची परीक्षापण पास झाल्या. त्यासाठी गावातल्या एका केमिस्टकडे शिकायला जायच्या. एकदा तो सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधी गोळ्या) बनवत होता आणि ह्यांच्या लक्षात आलं की त्याचं दशांश चिन्ह चुकलंय, डोस भलताच जास्त झालाय. आता शिकाऊ मुलगी मालकाला तोंडावर कसं सांगणार? तर ह्यांनी अडखळल्यासारखं केलं, सगळा माल खाली पाडला आणि वर पाय देऊन पार चिरडून टाकला. एक टिंब सरकलं की काय होतं ते आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा, अंगावर काटा येतो.

हाच माणूस खिशात क्युरारे घेऊन फिरायचा, बाणांना लावतात ते विष. का, तर ते जवळ असलं की अंगात ताकद आल्यासारखं वाटतं म्हणे! बाई त्याला विसरल्या नाहीत, चाळीसेक वर्षांनी, १९६१ च्या 'द पेल हॉर्स'मधला केमिस्ट त्याच्यावरूनच सुचला. त्यात विष आहे थॅलियम आणि लक्षणं इतकी चोख लिहिलीत, की १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कतारहून एक तान्ही मुलगी आणली होती, डॉक्टरांना निदान होईना, तेव्हा हेच पुस्तक वाचत असलेली एक नर्स म्हणाली, हिचे केस गळतायत, हे थॅलियम असेल. टेस्ट केली तर खरंच थॅलियम निघालं, आणि पोरगी वाचली. बाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

शेवटची काही पुस्तकं ढिली आहेत, मान्य. पण पहिलंच पुस्तक बघा ना, १९२० चं 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', त्यात स्ट्रिकनीन नावाचं विष वापरलंय, कसं ते सांगत नाही, पण आमच्याकडे औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' का लिहितात ते माहीत असणाऱ्याला जास्त मजा येईल. फार्मसीच्या मासिकाने त्यातल्या विषाच्या माहितीचं कौतुक केलं होतं आणि त्याचा बाईंना फार आनंद झाला होता.

माझ्याकडे कॉपी आहे. ज्यांना हवी त्यांनी दुकानातून घेऊन जा, फक्त पानं दुमडू नका प्लीज.