पर्थमधून: एमएच ३७० चं काय झालं असेल

ठाण्याला घरी फोन केला की एमएच ३७० चा, म्हणजे मलेशिया एअरलाइन्सच्या त्या बेपत्ता झालेल्या विमानाचा विषय निघतोच, कारण मी पर्थला राहतो आणि शोधमोहीम इथूनच चालली होती. पाचपाखाडीत सगळ्यांकडे उत्तर तयार. काका म्हणतात अमेरिकेने हिंदी महासागरातल्या आपल्या लष्करी तळावर, डिएगो गार्सियाला उतरवलं, मामेभाऊ म्हणतो कॅप्टननेच बुडवलं, विषय संपला.

डिएगो गार्सियाचं मला अजिबात पटत नाही. ८ मार्च २०१४ ला मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं विमान, आत २३९ माणसं, त्यात ५ भारतीय, चाळीस मिनिटांत ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख रडारला कळवणारं यंत्र) बंद, मग उलटं फिरून मलेशिया ओलांडून अंदमानच्या समुद्राकडे गेलं ते लष्करी रडारवर दिसलंय. पुढे सकाळी ८:१९ पर्यंत ते सॅटेलाइटला प्रतिसाद देत होतं, मिस्ड कॉलसारखं, बोलणं नाही पण फोन चालू आहे एवढं कळतं, आणि त्यावरून अंतर काढलं तर दक्षिण हिंदी महासागरच येतो. २०१५ ला हिंदी महासागरातल्याच रियुनियन बेटावर फ्लॅपरॉन, म्हणजे पंखाचा मागचा हलणारा भाग, वाहून आला, समुद्री जीव चिकटलेला, तो काय कोणी नेऊन ठेवला?

कॅप्टनवर संशय का येतो ते मला कळतं, घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागरातले पॉइंट सापडले होते. विमानातल्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, त्यांना आग लागली म्हणावं तर विमान पुढे सहा-सात तास उडलं कसं? हवेचा दाब गेला आणि सगळे बेशुद्ध झाले, २००५ ला ग्रीसमध्ये हेलिओसच्या विमानाचं झालं तसं, तर शेवटचे तास समजतात पण आधीची वळणं नाही समजत. म्हणजे ती वळणं कोणीतरी घेतली असं मलाही वाटतं, पण मलेशियाच्या २०१८ च्या रिपोर्टने तिसऱ्या कोणाचा हात असण्याची शक्यताही सोडलेली नाही, मग एका माणसाला खुनी ठरवून मोकळं व्हायचं हे चुकीचंच आहे, त्याच्याही घरी माणसं आहेत.

इथे मात्र उलटं. १,२०,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळून जानेवारी २०१७ ला शोध थांबवला, आता माझ्या ऑफिसात कोणी नावसुद्धा काढत नाही. त्यापेक्षा आमचे काका परवडले, निदान विचारत तरी असतात. शोध चालूच राहिला पाहिजे, कितीही वर्षं जाऊ देत, कारण ब्लॅक बॉक्सशिवाय हा वाद मिटणार नाही. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ विमान जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसकट गेलं होतं, त्याचे अवशेष साडेसात वर्षांनी बंगालच्या उपसागरात ३४०० मीटर खाली सापडलेच ना.