शिंकं नाही, मॅक्रमे आहे ते

आमचा मनीप्लँट खिडकीच्या कट्ट्यावर मजेत होता, त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार बायकोची होती, पापड वाळत घालायला कट्टा मोकळा नाही म्हणून. त्याच सुमारास मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात एका बाईने चौदा मिनिटांत नुसत्या गाठी मारून, मॅक्रमे म्हणतात त्याला, पांढऱ्या दोरीचं असलं भारी हँगर विणून कुंडी टांगली की मी म्हटलं, हे आपण घरीच करू. हे वाक्य मी याआधी साबण, पनीर आणि बुकशेल्फच्या वेळी म्हटलेलं आहे, त्यामुळे बायको काहीच बोलली नाही, फक्त चष्मा वर करून बघितलं.

आई म्हणाली, "शिंकं करतोयस का?"

"अगं शिंकं नाही, मॅक्रमे आहे ते."

"बरं," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

शनिवारी बोहरी आळीत गेलो. दोरी पाहिजे म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, झोपाळ्याला की पायजम्याला? मी जरा मान ताठ करून मॅक्रमे म्हटलं, तर तो म्हणे, मग असं सांगा ना, थ्री एमएम कॉटन, आणि किलोवर तोलून दिली पण. म्हणजे हे येड लागलेला मी एकटाच नाही.

व्हिडिओत पाच-पाच मीटरच्या आठ दोऱ्या कापायला सांगितल्या होत्या. चाळीस मीटर! एक मीटरच्या लटकत्या वस्तूला! पेठेत वाढलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नाही, मी तीन-तीन मीटरच्या कापल्या आणि सोळा मीटर वाचवले म्हणून वर चहा प्यायलो. गाठी दोरी खातात, लांबीच्या चौपट वगैरे सहज, हे मला अर्धं हँगर झाल्यावर कळलं.

आठ दोऱ्या मधोमध दुमडून कडीत ओवल्या की सोळा टोकं होतात, मग चार-चारचे चार गट, म्हणजे हँगरचे चार हात, आणि प्रत्येक गटात चौकोनी गाठी मारत खाली यायचं. चारपैकी मधल्या दोन दोऱ्या नुसत्या उभ्या राहतात आणि कडेच्या दोन राबतात. बघता बघता राबणाऱ्या संपत येतात आणि मधल्या जशाच्या तशा लांबलचक! मी सतरा वर्षं कंपनीत काढली आहेत, मला हे चित्र नवीन नव्हतं. मध्येच आतल्या दोऱ्या बाहेर घ्यायच्या आणि बाहेरच्या आत, असा उपाय असतो म्हणे, पण तोही मला नंतर समजला, आणि कंपनीत तर अजून कोणालाच समजलेला नाही.

गाठ तशी सोपी आहे. एकदा डावीकडून सुरू करायची, एकदा उजवीकडून, परत डावीकडून. फक्त मध्ये कोणी बोलायचं नाही. आमच्याकडे सिलेंडरवाला आला, कुरियर आलं, बायकोने पातेलं कुठे ठेवलंस विचारलं, आणि सगळं मी दाराच्या कडीला अडकवून बसलो होतो त्यामुळे जो येईल तो दारासकट माझं काम घेऊन जायचा. परत बसलो की आता डावी का उजवी? मी आपला डावीच मारत गेलो. एकाच बाजूने मारत गेलं तर पट्टी सपाट न राहता जिलबीसारखी पीळ घेते. एक हात पिळदार, दोन सपाट, चौथा अजून बाकी. विचारलं कोणी तर डिझाईन आहे म्हणून सांगायचं ठरवलं.

हे काम पूर्वी खलाशी जहाजावर वेळ जावा म्हणून करायचे असं वाचलं. बरोबर आहे, त्यांना उठून जाता येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आई उठली, माझ्या हातातून दोऱ्या घेतल्या, खाली बसून पायाच्या अंगठ्याला अडकवल्या आणि चौथा हात दहा मिनिटांत खाली आणला. मी बघतच राहिलो. म्हणे चौऱ्याऐंशी साली आमच्या महिला मंडळात क्लास होता, नायलॉनच्या दोरीचं घुबड केलं होतं मी, मणी लावलेले डोळे होते, पण सासूबाई म्हणाल्या घरात घुबड नको, मग दिलं टाकून.

"मग दोन दिवस बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास ना, शिंकं नाही म्हणून."

शेवटी खाली सगळ्या दोऱ्या एकत्र करकचून बांधल्या आणि ग्रिलला टांगलं. मी वाचवलेले सोळा मीटर तिथे दिसतात, खालचा गोंडा असायला हवा होता तिथे मिशीएवढी चार बोटं दोरी आहे. कुंडी बसली, पण लोकलमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर झोपलेल्या माणसासारखी तिरकी. कट्टा मोकळा झाला म्हणून बायकोने लगेच पापड घातले. मग मी मनीप्लँटला पाणी घातलं. कुंडीला खाली भोकं असतात.

आता मनीप्लँट परत कट्ट्यावर आहे आणि हँगरमध्ये पापडाचं ताट. वाळतात चांगले, आणि आई म्हणते मांजरही पोचत नाही.